आबांबद्दल लिहिण्याआधी

चि. बाळ,
आशीर्वाद.

आबांच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या, वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेसाठी लिहिलेलं पाठवलंस, दोनदा वाचलं. ‘करारी, शिस्तप्रिय, निसर्गप्रेमी, कुटुंबवत्सल.’ पहिल्याच वाक्यात चार शब्द, आणि पंचक्रोशीतल्या कुठल्याही फौजी माणसाच्या फोटोखाली ते चालतील. राग मानू नकोस. माझ्या वडिलांवर मी लिहिलेला लेख याहून वाईट होता. छापून आल्यावर आईला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, “चांगलाय की. पण कुणावर लिहिलायस?”

अजून दोन महिने हातात आहेत, तेव्हा आधी आबांची काळी ट्रंक उघड. डिस्चार्ज बुकात भरतीची आणि पेन्शनची तारीख सापडेल. पदकं लगेच ब्रासोनं घासायला बसू नकोस. त्यातलं गोल संग्राम मेडल उचल आणि त्याची कड बघ. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव तिथे बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. ‘पूर्वी स्टार’ हे पूर्वेच्या आघाडीवरच्यांना मिळालेलं पदकही आबांकडे होतं, म्हणजे १९७१च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धात ते तिथेच होते, हे कुणाच्या ऐकीव गोष्टीवर सोडायची गरज नाही.

ते जंगी पलटणीत होते. पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीला सगळे त्याच नावानं ओळखतात. डिसेंबरात पलटण जुनी ब्रह्मपुत्रा ओलांडून आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली. आपल्या ब्रिगेडियरनं आतल्या पाकिस्तानी कमांडरला ‘शरण या’ असं पत्र धाडलं, तर उत्तराच्या कागदासोबत बंदुकीची गोळी आली. १० तारखेच्या रात्री त्यांनी वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो आपल्या लोकांनी हाणून पाडला. ११ला जमालपूर पडलं आणि १६ला ढाका. हे पुस्तकांत मिळतं, तुझ्या लेखात चार ओळी बास झाल्या. मला आबांनी जमालपूरबद्दल आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही बुटांबद्दल. नदी ओलांडल्यावर भिजलेले बूट तीन दिवस वाळले नव्हते. तुमच्या चुलीशेजारी बूट कायम उलटे टांगलेले असायचे ना? ते लिही.

आता ‘कुटुंबवत्सल’. फौजेतल्या माणसाला वर्षातून दोन महिन्यांची रजा. सतरा वर्षांच्या नोकरीत आबा घरी किती होते ते तूच मोज. एकदा सुट्टीवर आले तेव्हा तुझे वडील त्यांना बघून भोकाड पसरून आजीच्या पदराआड गेले होते. शेत, म्हशी, सासू, दोन पोरं हे सगळं आजीनं ओढलं. तिला तेव्हा वाचता येत नव्हतं, म्हणून आलेली आंतर्देशीय पत्रं मी कॉलेजातून आल्यावर वाचून दाखवायचो. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात गावाचं नावच नसायचं, नुसतं ‘९९ एपीओ’, म्हणजे फौजेच्या टपालघराचा नंबर. आजी दर वेळी विचारायची, “ह्ये कुठं आलं?” मला तरी कुठं ठाऊक होतं. त्या डिसेंबरात पत्रं बंद झाली तेव्हा तिनं काय केलं, हे मला माहीत आहे. पण मी सांगणार नाही. तिच्याजवळ बस आणि विचार. टेप करू नकोस, टेप दिसला की ती पुढाऱ्यासारखं बोलायला लागते.

आणखी एक लिही, घरच्यांना आवडलं नाही तरी. पेन्शनीवर आल्यावर पहिली दोन वर्षं आबांना घरात जागाच सापडत नव्हती. भाकरी थंड म्हणून भिरकावलेली थाळी मी अंगणात पडलेली पाहिली आहे. राग आला की ते उठायचे आणि रानात जायचे, अंधार पडल्यावर परत. एके दिवशी तुझे वडील गुपचूप त्यांच्या मागोमाग गेले. आबांनी ते ओळखलं, पण हाकललं नाही. तुझ्या लेखाची सुरुवात मला तिथे दिसते.

‘निसर्गप्रेमी’ म्हटलेलं ऐकून आबा हसले असते. ते म्हणायचे, “रानात जाऊन येतो.” जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला की रात्री ओढ्यावर खेकड्यांना. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली बॅटरी पोरांच्या हातात, स्वतः गुडघाभर पाण्यात. खेकडा पाठीमागून दोन बोटांत धरायचा, उलटा करून उजेडात पोट बघायचं. पोटाखालच्या झाकणात मुगाएवढी पिल्लं वळवळताना दिसली की मादी जिथली तिथे सोडून द्यायची. ‘का’ विचारलं तर उत्तर एकच: “पुढच्या साली काय खाशील?”

आणि कारवी. डोंगरावरचं ते झुडूप सात वर्षांनी फुलतं. “मी नोकरीत असताना दोनदा फुलली आणि दोन्ही वेळा मी नव्हतो,” हे आबा रजेचा हिशोब सांगावा तसं सांगायचे. पुढच्या वेळी मात्र आख्खं घर घेऊन डोंगरावर गेले, आजीसकट. लग्नानंतर ती पहिल्यांदाच बिनकामाची रानात गेली होती.

चावडीजवळच्या भिंतीत संगमरवरी दगड आहे, पाहिलाच असशील. पहिल्या महायुद्धाला या गावातून किती गेले, किती मेले, एवढेच दोन आकडे त्यावर. नाव एकाचंही नाही. त्यातला कुणी खेकडे पकडायचा का, हे आता कोण सांगणार?

चालताना आबा सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे घालायचे आणि स्वतः शेवटी राहायचे. वासोट्याच्या किल्ल्यावर गेलो तेव्हा तू सात वर्षांची होतीस. बामणोलीहून लाँच, मग जंगलातला चढ. तू सगळ्यांच्या पुढे होतीस आणि परतल्यावर गावभर सांगत सुटलीस, “रस्ता मी दाखवला!” आबांनी एकदाही दुरुस्त केलं नाही.

पदकाच्या कडेसाठी भिंग लागेल, माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी ये. दुपारी मी झोपतो.

तुझे,
सर