वडिलांबद्दल मनात आदर उरलेला नाही, तर नाताळच्या जेवणाला त्यांच्या प्रार्थनेवर ‘आमेन’ कसं म्हणू?

तू प्रश्नाखाली जे लिहिलं आहेस ते थोडक्यात असं: वडील चर्चच्या मंडळीचे पंच, पेटी झकास वाजवतात, नाताळच्या गाण्यांच्या फेरीत सगळ्यांच्या पुढे. घरी मात्र रोजचं पिणं आणि आईने फराळासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांवर डल्ला. 25 तारखेला पाहुणे पंगतीला बसले की प्रार्थना मात्र तेच करणार. आई म्हणते, ‘बाप आहे, मान राखायलाच हवा.’ तू 19 वर्षांचा, धाकटी बहीण सातवीत, आणि तिला काय सांगायचं हाही तुझा प्रश्न आहे.

आमेन म्हण. जेवण देवाने दिलं एवढंच त्या प्रार्थनेत असतं, आणि ते खरंच आहे, कोणीही म्हणो. वडिलांच्या वागण्यावर तू सही करतोयस असं त्यातून निघत नाही. नाहीच निघालं तोंडातून, तर डोळे मिटून गप्प बस. त्या वेळी सगळ्यांचं लक्ष ताटाकडे असतं, तुझे ओठ हलले की नाही हे कोणी बघत नाही.

आता मानाचं. आपल्याकडे ‘आईबापाचा मान राख’ ही पाचवी आज्ञा (कॅथलिक मंडळी तिला चौथी मोजतात) पोरांना गप्प करायला फार वापरली जाते. पण येशूने ही आज्ञा कुठे काढली ते बघ. लोक आईबापाला म्हणायचे, ‘तुम्हाला द्यायचं होतं ते मी देवाला अर्पण करून टाकलंय’, आणि हात झटकायचे. त्यावर तो चिडला. म्हणजे मुद्दा पोसण्याचा होता, म्हातारपणी वाऱ्यावर न सोडण्याचा. बाप थोर वाटलाच पाहिजे, त्याचं कौतुक केलंच पाहिजे, असं तिथे कुठे आहे? वडील आजारी पडले तर दवाखान्यात नेशील, ताट वाढशील, चारचौघांत त्यांची टर उडवणार नाहीस. इतकं तुझ्याकडे आहे, हे तुझ्या लिहिण्यावरूनच कळतं. मान बराचसा हातापायांनी राखता येतो. पोटातून उमाळा यायलाच हवा असं नाही, आणि तो ठरवून आणताही येत नाही.

कोणीतरी वडीलधारं माणूस तुला नोहाची गोष्ट ऐकवेलच. नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडला, त्याचा मुलगा हाम याने बाहेर येऊन भावांना सांगितलं, आणि शेम व याफेथ यांनी पाठमोरं चालत जाऊन बापावर वस्त्र घातलं. तात्पर्य काय, तर ‘तू हाम होऊ नकोस.’ ठीक आहे. पण पांघरूण घातल्यावर त्या दोघांनी ‘बाबा प्यालेलेच नव्हते’ असं कुठेही सांगितलेलं नाही, आणि लिहिणाऱ्यानेही नोहाची नशा लपवली नाही. बापाची लाज राखणं वेगळं, आणि घरादाराने मिळून खोटं बोलत राहणं वेगळं. पारावर बसून बापाचे किस्से सांगू नकोस. मामाला बाजूला घेऊन ‘घरात असं चाललंय, मदत करा’ म्हणालास तर तू हाम होत नाहीस.

मला विचारशील तर नाताळात वाचायला सगळ्यात दिलासा देणारा भाग मत्तयाचा पहिला अध्याय आहे, ती येशूची वंशावळ. संडे स्कूलमध्ये आम्ही ती कंटाळून सोडून द्यायचो, नावं तोंडात बसत नाहीत म्हणून. पण आहेत कोण त्यात? दावीद राजा आहे, आणि त्याच्याच ओळीत ‘उरीयाची बायको’ असा उल्लेख आहे, म्हणजे दुसऱ्याची बायको घेतल्याचं त्याचं पाप तिथेच नोंदवून ठेवलंय. पुढे आहाज राजा येतो. त्याने मंदिराचे दरवाजे बंद करून टाकले होते. त्याचा मुलगा हिज्कीया. गादीवर बसल्यावर पहिल्याच वर्षी, पहिल्याच महिन्यात त्याने ते दरवाजे उघडले, दुरुस्त केले आणि मंदिरात सेवा करणाऱ्या लेव्यांना गोळा करून सरळ सांगितलं की आपल्या वाडवडिलांनी पाप केलं. बाप वारल्यावर, भर सभेत! पाचवी आज्ञा मोडली म्हणून त्याला कोणी बोल लावला नाही, उलट तो चांगल्या राजांत गणला गेला. पुढची ओळ आणखी गमतीची आहे: या चांगल्या हिज्कीयाचा मुलगा मनश्शे महादुष्ट निघाला (शेवटी पस्तावला म्हणतात), त्याचा मुलगा आमोनही तसाच, आणि आमोनचा मुलगा योशीया, जो आठव्या वर्षी राजा झाला, तो पुन्हा सज्जन. बापाकडून मुलाकडे काय जाईल याचा काही नियमच दिसत नाही. नाताळच्या उपासनेत येशूला वाढवणाऱ्या योसेफासारखा बाप कसा असावा यावर प्रवचन होतं तेव्हा तुझ्यासारख्या पोरांना आणखी पोरकं वाटत असणार. पाळकसाहेबांनी एखाद्या वर्षी आहाजवर बोलावं, मंडळीतली निम्मी तरुण पोरं मान वर करून ऐकतील.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. श्रीरामपूरकडच्या एका गावात आमचं घर. वडील सरकारी नोकरीत, खाकी गणवेशातले, आणि पिणारे. 24 तारखेच्या रात्री आई आत करंज्या तळायची आणि ते ओसरीवर घोंगडी अंथरून आम्हा भावंडांच्या कपड्यांना इस्त्री करायला बसायचे. कोळशाची इस्त्री. निखारे फुंकायचे, इस्त्री गालाजवळ नेऊन धग बघायचे, ओंजळीतलं पाणी बोटांनी शिंपडायचे. तोंडाला वास यायचा, जीभ जड झालेली असायची, पण माझ्या शाळेच्या स्कर्टची एक चुणी कधी वाकडी गेली नाही. शेवटचा कपडा घडी करून ठेवला की चपला घालून बाहेर पडायचे, ते पहाटे कोणीतरी धरून आणायचं. सकाळी आम्ही कडक इस्त्रीत उपासनेला आणि ते अंथरुणात. कोणी विचारलं की आई सांगायची, ‘ताप आलाय.’ दर नाताळला ताप. गावाला काय कळत नव्हतं थोडंच!

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. सरसकट आदर मला तेव्हाही वाटला नाही, आजही वाटत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटेनासं झालंय. त्या चुण्यांबद्दल मात्र वाटतो. माणूस एका बैठकीत सगळा स्वीकारायचा किंवा सगळा टाकायचा, अशी जबरदस्ती नाही. तुझ्या वडिलांची पेटी चांगली आहे ना? मग गाण्यानंतर ‘आज मस्त वाजली’ म्हण. ते खोटं नाही. बाकीच्या गोष्टींवर गप्प राहा किंवा योग्य वेळी बोल, पण पेटीचं कौतुक केलं म्हणून बाकी सगळं माफ झालं असं तूही समजू नकोस, त्यांनाही समजू देऊ नकोस.

योग्य वेळ म्हणजे नाताळचा दिवस नव्हे, आणि ते प्यालेले असतील ती तर मुळीच नव्हे. सकाळी चहा झाल्यावर, अंगात नसताना, दोन वाक्यांत सांग: ‘आईचे पैसे तुम्ही घेतलेत. पुन्हा घेतलेत तर मी मामाला सांगणार.’ आणि घेतले तर खरंच सांग. धमकी देऊन गप्प बसणं आपल्या घराघरांत चालतं, त्याने पिणाऱ्याला फक्त सवय लागते. फराळाचं सामान डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात भरून टाका. रवा, मैदा, तेल, खोबरं डब्यात गेलं की त्याची बाटली होत नाही. उरलेली रोकड मामीकडे ठेवा. आणि हेही ध्यानात असू दे की 24, 25 आणि 31 डिसेंबरच्या रात्री सरकार दारूच्या दुकानांची वेळ वाढवून देतं. आमच्या सणाची एवढी काळजी दुसरं कोणतंच खातं घेत नाही.

एक गोष्ट मात्र नीट ऐक, ही जिवाशी गाठ आहे. ‘निदान नाताळचे दोन दिवस तरी पिऊ नका’ म्हणून बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावायची पद्धत आपल्यात आहे. जो माणूस वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो, त्याने एकदम सोडलं तर काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतोही. सोडायचीच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळ्या देऊन सोडवतात. शपथेच्या भरात सोडवायला जाऊ नका. सोडल्यावर असं काही दिसलं तर ‘झोपला की बरं वाटेल’ म्हणून थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

व्यसन हा आजार आहे, हे मला फार उशिरा कोणीतरी समजावलं. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांचा त्याला मोठा आधार होता. तिथे पेशंटइतकंच घरच्यांशीही बोलतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या बैठका पिणाऱ्यांसाठी असतात. घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट असतो. त्याला पैसे लागत नाहीत आणि वडिलांची परवानगीही लागत नाही, तू एकटा जाऊन बसलास तरी चालतं. आजार म्हटला की पैसे उचलणं क्षम्य होत नाही बरं का. फक्त ‘माझ्यावर प्रेम असतं तर सोडली असती’ हे जे तुला रात्री छळत असेल, ते निघून जातं.

पाळकसाहेबांना सांगायचं का? माणूस बघून ठरव. समंजस असतील तर पंचाशी एकांतात बोलायला त्यांच्याइतकं चांगलं कोणी नाही. ‘प्रार्थना करा आणि सोसा’ एवढंच सांगणारे असतील तर तिथे वेळ घालवू नकोस, मामा बरा. तू लिहिलं नाहीस, पण घरात मारहाण होत असेल तर हे सगळं बाजूला ठेव. 112 लाव. महिलांसाठी 181 आहे, आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आईलाही संरक्षण आहे, बहिणीलाही. मार खात राहा असं पाचव्या आज्ञेत नाही.

बहिणीचं. तिला ‘पप्पांना ताप आलाय’ सांगू नकोस, सातवीतल्या मुलीला वास कळतो. सांग की पप्पा पितात, तो आजार आहे, आपल्यापैकी कोणामुळेही तो झालेला नाही आणि तू अभ्यास चांगला केलास म्हणून तो जाणारही नाही. पुढे हेही सांग की आपले पप्पा वाईट वागतात तेव्हा तिला राग आला तर चालेल, आणि ते पेटी वाजवत असताना त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं तर तेही चालेल. 25 ला उपासनेहून घरी येताना तिला तुझ्याबरोबर ठेव, पाहुण्यांच्या गराड्यात एकटी सोडू नकोस. पंगत उठल्यावर ते बाहेर पडायच्या बेतात दिसले तर चपला लपवायला धावू नका दोघं. आईला भांडी आवरू लागा.