माळावर झाडं लावायची की नाही? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं गाव करमाळा तालुक्यात. गायरानात सगळा उघडा माळ, सावलीला झाड नाही. यंदा आमच्या तरुण मंडळाला २००० रोपं फुकट मिळालीत, ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ, चर मारायला जेसीबीपण ठरवलाय. पण वनरक्षक म्हणाले माळावर झाडं लावू नका, आणि मेंढरंवाले एक बाबा तर भांडायलाच आले. झाडं लावणं चुकीचं कधीपासून झालं? पोरं नाराज झालीत.
– एक वाचक, करमाळा

उत्तर : दादा, पोरांची नाराजी समजते मला, सुट्टीच्या दिवशी कुदळ घेऊन निघणारी पोरं कुठे मिळतात आजकाल. पण वनरक्षक आणि ते बाबा दोघंही बरोबर सांगतायत. आधी तो जेसीबी थांबवा, बाकीचं मग बोलू.

माळ उघडा दिसला की इथलं जंगल कुणीतरी तोडलं असणार असं आपल्याला शाळेपासून वाटत आलंय. पण सोलापूर, नगर आणि पुण्याचा पूर्वेकडचा भाग म्हणजे पर्जन्यछायेतला मुलूख, पाऊस वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा, खाली वीतभर माती आणि मग नुसता मुरूम. असल्या जमिनीवर गवतच टिकतं, मधेच एखादी बोर, एखादा हिवर, बाभूळ. काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, आणि माळढोक, धाविक, पखुर्डी, चंडोल हे पक्षी, ही सगळी मंडळी अशा उघड्यावरच राहणारी, त्यांना लांबवर दिसलं पाहिजे आणि पळायला मोकळं रान पाहिजे. आणि आपण काय केलं, तर सरकारी नकाशात अशा जमिनींना 'पडीक' लिहून टाकलं. पडीक म्हटलं की कुणीही यावं आणि काहीही करावं, झाडं लावा, सोलार बसवा, एमआयडीसी आणा, खाणीला द्या. माझ्या मते माळाचं सगळ्यात मोठं नुकसान या एका शब्दाने केलंय.

तुम्ही एक करा, दिवाळीनंतर माळावर जाऊन खाली बसा आणि कुसळी गवताचं एक बी हातात घ्या. त्याच्या लांब शेपटीला पीळ असतो. थोडं पाणी लावलं की तो पीळ उलगडायला लागतो आणि बी तळहातावर हळूहळू गोल फिरतं. जमिनीवर पडलेलं बी असंच दिवसा वाळत रात्री दवाने भिजत फिरत फिरत स्वतःला मातीत घुसवून घेतं, पेरायला कुणी लागत नाही. तुमच्या धोतराला-पँटला टोचतं ना कुसळ, तेच हे. पवना, मारवेल या गवतांचंही तसंच, मुळं खाली घट्ट जाळं धरतात, पावसाचं पाणी मुरवतात, माती वाहू देत नाहीत, आणि हवेतला कार्बन मुळांतून जमिनीत साठतो, वणवा आला तरी तो खालीच राहतो. जेसीबीने चर मारला की हे जाळं एका दिवसात उचकटलं जातं आणि ते परत धरायला वर्षानुवर्षं लागतात.

मी स्वतः एकदा अशाच एका वृक्षारोपणाला गेले होते म्हणून जास्त कळकळीने लिहितेय. चराच्या ओळीत टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती, आम्हाला वाटलं आवाजाने घाबरली असेल. नंतर बघितलं तर मातीच्या ढिगाशेजारी चार अंडी, खड्यांसारखीच मातकट, काळे ठिपके, त्यातली दोन फुटलेली. माळावरचे बहुतेक पक्षी असे जमिनीवरच अंडी घालतात, चंडोल ढेकळाच्या नाहीतर गवताच्या बुडख्याच्या आडोशाला वाटीएवढं घरटं करतो. तिथं रांगेने झाडं उभी राहिली की त्यावर कावळे, ससाणे बसायला लागतात आणि खालची अंडी-पिल्लं त्यांना वरून आयती दिसतात.

त्यात तुम्हाला मिळालेली रोपं. ग्लिरिसिडिया म्हणजे आपली उंदीरमारी, बाहेर देशातून आलेलं झाड, माळावर दाट झालं की खाली गवत धरत नाही. सुबाभळीचं बी तर इतकं पडतं की एकदा पसरली की आवरत नाही. मग बाबा का चिडले बघा, त्यांच्या मेंढरांचं पोट त्या गवतावर आहे.

रोपं परत करता येत असतील तर करा आणि त्याऐवजी कडुलिंब, करंज, वड, उंबर मागा. ती ओढ्याकाठी, बांधाला, शाळेच्या आवारात, एसटी स्टँडजवळ लावा, तिथं सावली पाहिजेच. माळावर करायचं असेल तर वेडी बाभूळ (आपली नव्हे, ती बाहेर देशातून आलेली) उपटा, उन्हाळ्यात जाळ लावणाऱ्यांना थांबवा, आणि बाबांना बरोबर घेऊन ठरवा की यंदा माळाचा कुठला तुकडा चराईला बंद ठेवायचा. गवत कापायचं तर बी झडल्यावर. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी, तुमच्याकडे ती कागदावर आहे की खरंच बसते ते विचारा आणि गावच्या नोंदवहीत या माळाचं गवत, पक्षी, प्राणी लिहून घ्या. उद्या कुणी पडीक म्हणून जमीन मागायला आलं तर ती वही ग्रामसभेत पुढे ठेवता येते.

प्रश्न : नान्नजला माळढोक परत दिसतील का? माझ्या वडिलांनी पाहिलेत, मी नाही.
– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, पण आता तिथं एखादा माळढोक दिसला तरी पेपरात बातमी येते. देशात मिळून दीडशेच्या आतच उरलेत, बहुतेक जैसलमेरकडे. मादी हंगामात साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. नर १५ किलोपर्यंत भरतो, एवढं वजन घेऊन उडताना समोरची वीजवाहिनी त्याला वेळेत दिसत नाही कारण डोळे बाजूला असतात, आणि दिसली तरी पटकन वळता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये या तारा जमिनीखाली घालायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश बदलून समिती नेमली. तिकडे जैसलमेरला २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवतायत, ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही जन्मलं. उद्या त्यातले पक्षी सोडायचे म्हटले तर मोकळा माळ शिल्लक पाहिजे, म्हणून वरचं करमाळ्याचं पत्र तुमच्या मुलांना वर्गात वाचून दाखवा.

प्रश्न : लांडग्याने दोन कोकरं नेली. काय करावं?
– एक मेंढपाळ, दौंड

उत्तर : दादा, कोकरू मिळालं तर जागेवरून हलवू नका, लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाई त्यावरच मिळते. विष घालू नका. लांडगा वाघाएवढाच कायद्याने संरक्षित आहे आणि त्या विषाने तुमचीच कुत्री आधी मरतात. कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस द्या, हे रोग कुत्र्यांकडून लांडग्यांत जातात, आणि पुण्याच्या माळांवर तर लांडगा-कुत्रा संकरही सापडलेत. रात्री कोकरं वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या आत घ्या.