माजी सैनिकांचे योगप्रश्न

प्रश्न : १७ वर्षं इन्फन्ट्रीत काढली, आता वय ४१. पिठ्ठू (पाठीवरचं सामान) घेऊन डोंगर चढून कंबर आणि उजवा गुडघा कामातून गेलाय. रोज सकाळी ५० सूर्यनमस्कार घालतो, तरी दुखणं वाढतंच आहे. संख्या वाढवू का?
– निवृत्त नायक, सातारा जिल्हा

उत्तर : वाढवू नका, उलट सध्या बंद ठेवा. एका नमस्कारात पादहस्तासन (उभ्याने वाकून हात पायांशी टेकवणं) दोनदा येतं. म्हणजे ५० नमस्कारांत कंबर १०० वेळा पूर्ण वाकते, तीही पीटीच्या वेगात. शिवाय सकाळी उठल्याबरोबर पहिला तासभर मणक्यांमधल्या चकत्या रात्रभर पाणी शोषून फुगलेल्या असतात. तेव्हा पुढे वाकणं त्यांना सर्वांत जड जातं.

सहा आठवडे एवढंच करा. मकरासन (पालथं झोपून, डोकं हातांवर टेकवून विश्रांती) ३ मिनिटं. मग कोपरांवर टेकून अर्धं भुजंगासन, ५ श्वास, तीनदा. कळ पायाकडे उतरू लागली तर लगेच थांबा. पायातली कळ वर कंबरेकडे सरकली तर ते चांगलं लक्षण. सेतुबंधासनात (उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणं) टाचा गुडघ्यांच्या बरोबर खाली हव्यात, ५ श्वास, पाचदा. गुडघ्यासाठी उताणं झोपून एक पाय दुमडा, दुसरा ताठ ठेवून फूटभर उचला, ५ आकडे धरा. दोन्ही पायांनी १०-१० वेळा. वज्रासन आणि पद्मासन नको, खुर्चीवर बसा.

फौजेत दुखणं गिळायची सवय लागते आणि इथे तीच नडते. दुखण्याला दहापैकी गुण द्या. तीनच्या वर गेलं की मागे या. दुसऱ्या दिवशी जास्त ठणकलं तर संख्या निम्मी करा. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : माझे मिस्टर बरीच वर्षं काश्मीरमध्ये पोस्टिंगला होते. रात्री दचकून उठतात, फटाका वाजला की भडकतात. गावातल्या योगवर्गाला पाठवलं, पण शवासनाला दिवे घालवल्याबरोबर घामाघूम होऊन बाहेर आले. आता नावच काढू देत नाहीत.
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, यात त्यांचा हट्ट नाही. वर्षानुवर्षं सावध राहायला शिकलेल्या माणसाला अंधारात, डोळे मिटून, पाठीशी अनोळखी माणसं असताना ‘शरीर सैल सोडा’ म्हटलं, तर शरीर धोक्याचीच घंटा वाजवणार. मांडणी बदला. पाठ भिंतीला, दार नजरेसमोर, दिवा चालू. डोळे अर्धवट उघडे, नजर जमिनीवर एका जागी. शिक्षकांनी विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, मागून फिरायचंही नाही. शवासनाऐवजी कुशीवर झोपून २ मिनिटांपासून सुरुवात करा.

मुख्य औषध श्वासाचं आहे. नाकाने ४ आकडे आत, ६ आकडे बाहेर; मध्ये रोखायचा नाही. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. संध्याकाळच्या चहानंतर ५ मिनिटं आणि अंथरुणात पुन्हा ५. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते, म्हणून बाहेरचा आकडा मोठा. भ्रामरी (श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव) ५ ते ७ वेळा चालेल, पण कान न झाकता. ऐकू येईनासं झालं तर ते आणखी अस्वस्थ होतील. कपालभाती आणि भस्त्रिका हे जोरजोरात श्वासाचे प्रकार सध्या नकोच. त्यात छाती धडधडते आणि ती धडधड त्यांच्या भीतीसारखीच वाटते. मध्येच जुनं काही वर आलं, तर डोळे पूर्ण उघडून तळवे जमिनीवर दाबायचे आणि समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची.

रात्री दचकले तर हलवून उठवू नका. दोन हात लांब उभं राहून नावाने हाक मारा, दिवा लावा. आणि कँटीनच्या रमने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री तीच झोप मोडते, हे त्यांना दुपारी, शांत वेळी सांगा.

हा अभ्यास उपचाराच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञांकडे रेफरल मिळतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, २४ तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागले तर त्यांना एकटं सोडू नका. घरात परवान्याची बंदूक असेल तर त्याच दिवशी बाहेर हलवा.

प्रश्न : सुरुंगस्फोटात डावा पाय गुडघ्याखालून गेला. कृत्रिम पाय लावून आसनं करावीत की काढून?
– माजी सैनिक, अहिल्यानगर

उत्तर : उभ्याची आसनं लावून, झोपून करायची काढून. तुमचा खरा शत्रू आखडणं हा आहे. दिवसभर खुर्चीत बसून गुडघा आणि जांघ वाकलेल्या स्थितीत आवळून बसतात. मग पाय सॉकेटमध्ये (कृत्रिम पायाच्या खोबणीत) नीट बसत नाही आणि चाल बिघडते. म्हणून रोज दोनदा १५ मिनिटं पालथे झोपा, गुडघा सरळ, मान उजवीकडे वळवलेली. झोपताना त्या गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, कितीही बरं वाटलं तरी. ताडासन भिंतीपासून वीतभर अंतरावर करा आणि दोन्ही पायांवर सारखं वजन येतंय का, हे दोन वजनकाटे शेजारी ठेवून तपासा. संपल्यावर कृत्रिम पाय काढून आरशात तिथली कातडी बघा. लाली १० मिनिटांत गेली नाही तर सॉकेट सैल-घट्ट झालाय, तो दुरुस्त होईपर्यंत उभ्याची आसनं बंद.

प्रश्न : बीपी १५०/९५ आहे. शीर्षासन सुरू करू का?
– माजी सुभेदार, सांगली

उत्तर : नाही. सर्वांगासनही नाही आणि श्वास रोखून धरायचा कोणताही प्रकार नाही. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारं प्रत्येक आसन वर्ज्य. गोळी चालू ठेवा, वरचा ४-६ चा श्वास करा आणि बीपी रोज एकाच वेळी, ५ मिनिटं बसून झाल्यावर मोजा.