नत्र, स्फुरद, पालाश आणि विज्ञानाच्या पुस्तकातील चक्रे

यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी वाचकांचा प्रश्न असा आहे : खताच्या पोत्यावर आणि माती परीक्षणाच्या अहवालात ‘नत्र, स्फुरद, पालाश’ हे शब्द येतात, मुलीच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र ‘नायट्रोजन चक्र’ आहे, तेव्हा ही एकाच वस्तूची दोन नावे समजावीत काय, आणि ‘स्फुरदचक्र’, ‘पालाशचक्र’ असे लिहिलेले चालेल काय?

नत्रापुरते उत्तर सोपे आहे. नत्र म्हणजे नायट्रोजनच. युरियात ४६ टक्के नत्र असते असे आपण म्हणतो, तेव्हा तो आकडा थेट त्या मूलद्रव्याचा असतो. म्हणून ‘नत्रचक्र’ लिहा किंवा ‘नायट्रोजन चक्र’, अर्थामध्ये काडीचाही फरक पडत नाही.

खरी गोम पुढच्या दोन शब्दांत आहे : स्फुरदाचा संबंध फॉस्फरसशी, पालाशाचा पोटॅशियमशी. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश या क्रमाने १८:४६:० असे प्रमाण छापलेले असते. यातील ४६ हा आकडा फॉस्फरस या मूलद्रव्याचा नसून, फॉस्फरस पेंटॉक्साइड या त्याच्या ऑक्साइडच्या हिशेबाने मांडलेला असतो. ते ऑक्साइड त्या रूपात पोत्यात नसतेच. जुन्या रसायनशास्त्रातील मोजणीची रीत व्यापारात टिकून राहिली, इतकेच. त्यामुळे ५० किलोच्या पोत्यात स्फुरद २३ किलो भरते, पण फॉस्फरस सुमारे १० किलोच असतो. पालाशाचा आकडाही असाच पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबाचा आहे. ६० टक्के पालाश असलेल्या म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) या खतात पोटॅशियम सुमारे ५० टक्के असते. माती परीक्षणाच्या कागदावर काही ठिकाणी मूलद्रव्याचा आकडा देतात, काही ठिकाणी ऑक्साइडचा, म्हणून शब्दापुढचे रासायनिक सूत्र (P की P₂O₅, K की K₂O) पाहिल्याशिवाय दोन अहवालांची तुलना करू नये.

शब्द म्हणून दोन्ही मला आवडतात. ‘स्फुर्’ या धातूत थरथरण्याबरोबर चमकण्याचाही अर्थ आहे, आणि १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रांट याने मूत्र आटवून जो फॉस्फरस मिळवला, तो अंधारात चमकत होता. ‘पालाश’ या संस्कृत विशेषणाचा मूळ अर्थ ‘पळसाचे’ असा आहे. आयुर्वेदात पळसाच्या राखेपासून क्षार काढतात, आणि ‘पोटॅश’ हे नावही भांड्यात तयार केलेल्या राखेच्या क्षारावरूनच पडले आहे. धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे बांधाबांधावर, पळस उभा असलेल्या आपल्या मुलखात हा शब्द परका वाटू नये.

आता चक्राकडे येऊ, कारण शब्दाची निवड तेथे कसाला लागते. कापसाचे बोंड घ्या. त्यातील रुई जवळजवळ निव्वळ सेल्युलोज असते. ती वावरातून नत्र किंवा फॉस्फरस फारसा नेत नाही. हे दोन्ही साठतात सरकीत. सरकीचे तेल निघाल्यावर उरलेल्या ढेपेतच ते राहतात, ढेप गाईम्हशींच्या पोटात जाते आणि शेण उकिरड्यावरून बंडीने पुन्हा वावरात पडते, तेव्हा वाटेत थोडी गळती धरूनही चक्र पुष्कळसे पुरे होते. त्याच शेणाच्या गोवऱ्या थापून चुलीत घातल्या, तर नत्र बहुतांशी धुरावाटे हवेत जाते. फॉस्फरस आणि पोटॅशियम मात्र राखेत उरतात. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) पेटवून दिली तरी तेच होते, फक्त राख धुऱ्यालगत एका जागी पडून राहते. आणि ढेप दूरच्या शहरातील गोठ्यांत गेली, तर तिच्यातील पोषणद्रव्ये त्या शहराच्या नाल्यातून तलावात उतरतात. तेथे जलकुंभी आणि शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात.

हवेत गेलेले नत्र परत आणता येते. फुलोऱ्याआधीचे तुरीचे झाड मुळासकट हळुवार उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला, तर तेथे जिवाणू हवेतील नत्र स्थिर करीत आहेत, म्हणजे पिकाला घेता येईल अशा रूपात आणीत आहेत, असे समजावे. हेच काम कारखान्यात करण्याची रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रित्झ हाबर याने १९०९ मध्ये दाखवली. तिच्यामुळे अन्न वाढले, पण पिकाने न उचललेले नत्र नायट्रेट होऊन विहिरीत झिरपू लागले. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक आहे.

फॉस्फरसला अशी हवेतली वाट जवळजवळ नाहीच. तो खडकातून येतो, मातीला चिकटतो आणि मातीबरोबरच वाहून जातो : पैनगंगेतून वर्धेत, पुढे प्राणहितेत आणि गोदावरीतून समुद्रात. तळाशी बसलेला तो गाळ खडक होऊन पुन्हा वर यायला कोट्यवधी वर्षे लागतात. माणूस मात्र तोच खडक खणून काही पिढ्यांत वावरांवर पसरतो आहे.

म्हणून माझे मत असे की, निसर्गातील फेऱ्याबद्दल लिहिताना ‘फॉस्फरसचक्र’ आणि ‘पोटॅशियमचक्र’ लिहावे, आणि ‘स्फुरद’, ‘पालाश’ हे शब्द खताच्या मात्रेसाठी राखून ठेवावेत. ‘स्फुरदचक्र’ व्याकरणाने चूक नाही, पण त्यात किलोचे आकडे आले की वाचक हमखास फसेल. शेवटी सामान्यरूपाविषयी : ही तिन्ही नामे नपुंसकलिंगी आणि अकारान्त आहेत, त्यामुळे ‘नत्राची मात्रा’, तसेच ‘स्फुरदाची’ आणि ‘पालाशाची’ असे लिहावे. पोत्यांवर आणि पत्रकांत दिसणारे ‘पालाशची’ हे रूप बोलण्यात खपते, लेखनात टाळलेले बरे.