रात्री 11 ला आडवा होतो पण 1 वाजेपर्यंत झोप येत नाही, कुठल्या सवयी लावू?

प्रश्न वाचून हसूच आलं, कारण दोन वर्षांपूर्वी हुबेहूब हेच माझं चालायचं. 11 ला दिवा बंद, 1 पर्यंत नुसती कूस बदलणं, सकाळी अलार्म चारदा पुढे ढकलणं आणि रविवारी 10 पर्यंत लोळून सगळं वसूल करणं, तुम्हीही रविवारच्या भरपाईचं लिहिलंयच. माझ्या मते गडबड तिथेच आहे, रात्रीत नाहीये.

म्हणजे बघा, झोप लागणं आपल्या हातात नसतंच, उठणं मात्र असतं. मी वर्षभर 'आजपासून साडेदहाला झोपायचं' हाच संकल्प सोडत बसलो आणि रोज तोंडावर पडलो. मग झोपायच्या वेळेचा नाद सोडला आणि फक्त उठायची धरली, साडेसहा म्हणजे साडेसहा, रात्री कितीलाही डोळा लागलेला असो, रविवार असो नाहीतर सुट्टी. जागं असताना मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्यानेच पेंग येते, आता रविवारी 10 ला उठलात तर रात्री 11 पर्यंत ते साठणार कधी? सोमवारी परत साडेसहाला उठायचं, म्हणजे दर आठवड्याला साडेतीन तासांच्या फरकाच्या देशात जाऊन आल्यासारखंच झालं ना.

उठल्यावर लगेच बाहेर उजेडात जायचं, पंधरा-वीस मिनिटं, ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. आपल्या शरीराचं घड्याळ बहुतेकांचं 24 तासांपेक्षा जरा जास्तच लांबतं, त्यामुळे ते रोज उशिराकडे सरकायला बघतं आणि सकाळचा उजेड त्याला परत जागेवर आणतो. (ते घड्याळ चालतं कसं हे फळमाश्यांमध्ये शोधणाऱ्या तिघांना 2017 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालंय, घरचे आळशी म्हणाले की मी हेच ऐकवायचो, उपयोग शून्य.)

कॉफी-चहाचं सगळेच सांगतात, पण का ते कोणी सांगत नाही. कॅफिन त्या अडेनोसिनची जागा अडवून बसतं आणि पोटात गेलेल्यातलं निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी 6 ची कॉफी 11 ला अजून अर्धी अंगात आहे. मी दुपारी 2 नंतर बंद केली. दारूने झोप लवकर लागते खरी पण मध्यरात्रीनंतर तुटत राहते, तो उपाय नाहीच.

आता सगळ्यात अवघड. वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर सरळ उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं आणि डोळे जड झाले की मगच परत. रिचर्ड बूटझिन ह्या मानसशास्त्रज्ञाने 1972 मध्ये मांडलेली ही युक्ती आहे. तासन् तास तळमळत पडलं की अंथरूण दिसलं रे दिसलं की मेंदू टक्क जागा होतो, ती सवय मोडायची. वीस मिनिटं मोजायला घड्याळ बघू नका हां, अंदाजाने उठा, मी तर घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. मोबाईल अर्थातच दुसऱ्या खोलीत, निळ्या प्रकाशापेक्षा तिथलं भांडण वाचून डोकं तापतं ते जास्त वाईट.

पहिला आठवडा बेकार जातो हे आधीच सांगतो. दुपारी 3 ला मला बसल्या जागी डुलक्या यायच्या, अशा दिवसांत गाडी चालवायची असेल तर जरा सांभाळून. अगदीच नाही झालं तर वीस मिनिटं पडा, पण 3 च्या आत. मला नीट बसायला तीनेक आठवडे लागले, अजूनही एखादी रात्र जातेच.

जोरात घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं कोणी सांगितलं असेल किंवा हे तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी विचार-वर्तन थेरपी देतात, तीबद्दल आवर्जून विचारा.

झोप मोजणारं अ‍ॅप घ्यावं का असंही विचारलंय. मी दोन महिने वापरलं, छान ताजातवाना उठायचो आणि त्यात 58 गुण बघितले की लगेच थकल्यासारखं वाटायला लागायचं, काढून टाकलं.