एआयला कोणाबद्दल आकस नसतो, मग भेदभाव रोखायला कायदा कशाला? आणि 'उच्च जोखीम' म्हणजे नेमकं काय?

कर्जाच्या अर्जांना गुण देणारी मॉडेल्स बनवायचं काम मी काही वर्षं केलंय, आणि सुरुवातीला मीही तुमच्यासारखंच म्हणायचे. अर्जातला स्त्री-पुरुष हा रकाना काढून टाकला की मॉडेल निःपक्ष झालं, असं मला मनापासून वाटायचं. एकदा सहज दोघांचे निकाल वेगळे काढून पाहिले, तर बायकांचे अर्ज बरेच जास्त नाकारले जात होते. नोकरीत पडलेला खंड मॉडेलने हेरला होता. बाळंतपणासाठी घर सांभाळलेली दोन वर्षं त्याच्या हिशेबी बेभरवशाची ठरली. रकाना काढला तरी माहिती दुसऱ्या वाटेने आत आलीच. हे कळलं तेसुद्धा तो रकाना आम्ही बाजूला जपून ठेवला होता म्हणून, नाहीतर ताडून पाहायला हातात काहीच नव्हतं.

2019 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. अमेरिकेत कोणत्या रुग्णाला जादा देखभाल द्यायची हे ठरवायला मदत करणारं एक सॉफ्टवेअर आजाराच्या जागी उपचारांचा खर्च मोजत होतं. कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारपणात कमी खर्च व्हायचा, म्हणून यंत्राच्या लेखी ते कमी आजारी. ही चूक सुधारली तर जादा देखभालीसाठी निवडलेल्यांत त्यांचं प्रमाण 17.7 टक्क्यांवरून 46.5 टक्क्यांवर जातं, असं संशोधकांनी दाखवलं. सॉफ्टवेअरला वंशाची माहिती दिलेलीच नव्हती. नाकारल्या गेलेल्या माणसाला मात्र आपलं काय झालं याचा पत्ताही लागत नाही, आणि मला कायदा हवासा वाटतो तो याच ठिकाणी.

आता 'उच्च जोखीम'. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने 2024 च्या मे महिन्यात याबद्दल कायदा केला (अंमलबजावणी नंतर पुढे ढकलली). त्यातली व्याख्या मला पटते, कारण ती तंत्र किती भारी आहे ते विचारत नाही. निर्णय कसला आहे ते विचारते. शिक्षण, नोकरी, कर्ज, घर, विमा, आरोग्यसेवा, कायदेशीर सेवा, आवश्यक सरकारी सेवा यांबद्दलच्या निर्णयात ज्या प्रणालीचा मोठा वाटा, ती उच्च जोखमीची. साधं स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर त्यात येत नाही. युरोपीय संघाच्या 2024 च्या कायद्यातही नोकरभरती आणि माणसाची पत ठरवणं हे याच वर्गात आहे.

कोलोरॅडोच्या त्या कायद्यात प्रणाली वापरणाऱ्याने परिणामांची दरवर्षी तपासणी करायची होती. पण ग्राहकाच्या दृष्टीने माझ्या मते सगळ्यात मोलाचं वेगळंच होतं: निर्णय विरोधात गेला तर कारण सांगायचं, चुकीची माहिती दुरुस्त करायची संधी द्यायची, आणि शक्य असेल तिथे माणसाकडे दाद मागू द्यायची. कारण सांगावं लागणार हे माहीत असलं की मॉडेल बनवणारा आधीच दहादा विचार करतो. आम्ही तरी केला असता. खटकतं ते एवढंच, की अन्याय झालेल्या माणसाला 2024 च्या त्या कायद्याखाली स्वतः दावा लावता येत नव्हता. कारवाईचा अधिकार एकट्या ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे होता.

'माणूस तपासेल' या शब्दांवर मात्र डोळे मिटून विसंबू नका. आमच्याकडेही फेरतपासणीला माणूस होता. त्याच्या पडद्यावर सगळ्यात वर मॉडेलने दिलेले गुण ठळक दिसायचे, खाली अर्ज, आणि तो बहुतेक वेळा गुणांवरच शिक्का मारायचा. मग आम्ही क्रम बदलला: आधी अर्ज वाचून स्वतःचं मत लिहायचं, मगच गुण उघडायचे. त्यानंतर त्याने मॉडेलचे निर्णय फिरवायला सुरुवात केली, आणि फिरवलेल्यांत नोकरीत खंड पडलेल्या बायकांचे अर्ज बरेच होते.