‘आई, पाय दाब ना’

‘ताई, माझी मुलगी दहावीला आहे. सकाळी नुसता चहा पिऊन शाळेत पळते, डबा अर्धा परत येतो. क्लासहून येताना वडापाव नाहीतर वेफर्स. रात्री “जाडी होईन” म्हणून अर्धीच पोळी. दहाला कॉफी करून अभ्यासाला बसते, मग एकपर्यंत झोप नाही. मोबाईल काढून घेतला, तरी तेच. अंथरुणात पाय झाडत राहते, “आई, पाय दाब ना” म्हणते. मी रागावते, ती रडते. काय करू?’
– एक आई, सातारा

ताई, पाय दाबायचं तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी तिथेच थांबले. पडल्यावर पायांत काहीतरी वळवळतं आणि हलवले की बरं वाटतं, असं ती म्हणत असेल, तर ते नखरे नाहीत. अंगातलं लोह कमी झालं की असं होऊ शकतं, आणि झोपेची वाट लागते. आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. त्यात पाळीला रक्त जास्त जात असेल आणि खाणं असं असेल, तर लोह उरणार कुठून?

म्हणून आधी डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे अंगातला लोहाचा साठाही तपासायचा का, ते विचारा. हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि साठा मात्र संपत आलेला असतो, असं पुष्कळदा होतं. गोळ्या त्यांनी दिल्या तरच द्या. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती खाते की दप्तरात राहते, तेही बघा. शौचाला काळं झालं म्हणून कित्येक मुली घाबरून ती सोडतात. त्या गोळीने तसं होतंच, हे तिला आधी सांगून ठेवा.

चहा बंद करू नका, जेवणापासून तासभर लांब न्या. जेवणातलं लोह चहामुळे नीट अंगी लागत नाही. मेथीच्या भाजीवर, उसळीवर लिंबू पिळा. कॉफीचं मात्र मी ठाम सांगेन, संध्याकाळनंतर नको. दहाला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन तीनच्या सुमारासही अंगात असतं.

आणि ती अर्धी पोळी. जेवण आठच्या सुमाराला, पण पोटभर. उपाशीपोटी झोप लागत नाही, आणि झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक खवळते, तीही तळलेल्याची, गोडाची. वजनाच्या भीतीने ती जे करते आहे, त्याने उलटच होतंय. हे तिला प्रेमाने सांगा, जाडी-बारीक असले शब्द घरात कोणीच काढू नका. जेवण लपवणं, ओकून टाकणं किंवा पाळी थांबणं, यातलं काही दिसलं तर मात्र एक दिवसही थांबू नका.

सकाळी तिला उठवत नसेल, तर तो आळस नाही हो. या वयात शरीराचं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकतं, आणि झोप तर ८ ते १० तास लागते. तिला मिळते जेमतेम ५.

आज रात्री तिने पाय पुढे केले तर दाबा. दाबता दाबता विचारा, नेमकं काय होतं, कधीपासून होतं, पाळीत किती जातं. ती जे सांगेल ते तसंच कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा.